लायपोसक्शननंतरची सूज आणि आतून लागणारे टणक पट्टे

लायपोसक्शन होऊन दोन-तीन आठवडे झाले की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींचा, आणि हल्ली पुरुषांचाही, प्रश्न एकच असतो. "मॅडम, ऑपरेशनच्या आधी पोट मऊ तरी होतं. आता बेंबीखाली हे आतून टणक काय लागतंय? चरबी राहिली का आत?" प्रश्नात भीती असते आणि पैसे घालून पोट बिघडवून घेतलं की काय ही टोचणीही असते. घरच्यांना हे ऑपरेशन मुळातच पसंत नसेल, तर ही भीती बोलून दाखवायलाही कोणी नसतं.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. सर्जनचं काम ऑपरेशन थिएटरमध्ये होतं, पण त्यापुढचे कित्येक आठवडे ही माणसं आमच्याकडे येत असतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं. एक गोष्ट आधीच सांगते. तिसऱ्या आठवड्यात हाताला लागणारा तो टणकपणा बहुतेक वेळा चरबी नसते आणि बिघाडही नसतो. शरीर आतली जखम भरत असतं, त्याची ती खूण असते. मात्र त्या काळात घाई केली किंवा जोर लावला, तर चांगलं चाललेलं काम बिघडू शकतं.

आत नेमकं काय झालेलं असतं

त्वचेला तीन-चार मिलिमीटरची छिद्रं पाडून त्यातून बोथट टोकाची पोकळ नळी आत सरकवतात आणि चरबी ओढून घेतात. या नळीला कॅन्युला म्हणतात. त्याआधी त्या भागात भरपूर द्रव भरलेला असतो. त्यात सलाईन असतं, बधिर करणारं लिडोकेन असतं आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन असतं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत मांडली आणि तिच्यामुळे रक्तस्राव खूपच कमी झाला. पण भरलेला सगळा द्रव चरबीबरोबर बाहेर येत नाही, बराचसा आतच राहतो. पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून गुलाबीसर पाणी झिरपतं आणि चादर भिजते, ते यामुळेच. घरचे "रक्त वाहतंय" म्हणून घाबरतात. आधीच गादीवर रबरी शीट घालून ठेवा आणि सर्वांना हे सांगून ठेवा. गडद लाल, घट्ट रक्त सतत येत असेल, तर मात्र लगेच सर्जनला फोन करायचा.

बाहेरची छिद्रं एवढीशी असतात, म्हणून ऑपरेशन छोटं वाटतं. पण आत ती नळी शेकडो वेळा मागे-पुढे फिरलेली असते. चरबीच्या थरात सगळीकडे बारीक बोगदे पडलेले असतात. केसासारख्या रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या (ऊतींमधलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि त्वचेच्या बारीक नसा दुखावलेल्या असतात. क्षेत्रफळाने पाहिलं, तर ही मोठी जखम आहे. फक्त ती त्वचेखाली झाकलेली आहे.

अशी जखम शरीर तीन टप्प्यांत भरतं. पहिले चार-पाच दिवस दाह असतो, म्हणजे सूज, ऊब, ठणका. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणू लागतात. हे काम पुढचे काही आठवडे जोरात चालतं. घाईत घातलेले हे धागे आडवेतिडवे, कसेही पडलेले असतात, आणि बोटाला लागतो तो टणक पट्टा म्हणजे हेच. तिसऱ्या टप्प्यात शरीर त्यातलं जास्तीचं कोलॅजन काढून टाकतं आणि उरलेलं नीट ओळीत लावतं. हा टप्पा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि वर्षभर चालू शकतो. म्हणजे पोट सर्वांत टणक लागतं, तेव्हा सुधारणेचं काम नुकतंच सुरू होत असतं. बहुतेकांचा टणकपणा तीन ते सहा महिन्यांत मऊ पडतो.

ऑपरेशननंतरचे दिवस मोजायचं शास्त्र पुण्याला नवं नाही. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाच्या कातडीपासून त्याला नवं नाक करून दिलं, आणि ही हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. जगाच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा मजकूर आजही सांगितला जातो. मला त्यातला नंतरच्या काळजीचा भाग फार आवडतो. चार दिवस काताचा लेप, मग तुपात भिजवलेलं कापड, पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि कपाळाशी जोडलेली कातडी सोडवायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी. आधी नाही. त्या वैद्याला कोलॅजन हा शब्द माहीत नव्हता, पण कातडीला किती दिवस द्यायचे ते पक्कं माहीत होतं.

सूज कुठे जाते, कधी जाते

सूज पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्या दिवसांत वजनकाट्यावर उभं राहू नका, आकडा कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो. ते वजन साचलेल्या पाण्याचं असतं. चार ते सहा आठवड्यांत बरीचशी सूज उतरते आणि उरलेली सहा महिन्यांपर्यंत हळूहळू जाते. सकाळी पोट सपाट आणि संध्याकाळी पुन्हा फुगलेलं, असंही बरेच दिवस चालतं.

पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, ही गोष्ट ऑपरेशनआधी फारशी कोणी सांगत नाही. पोटाचं लायपोसक्शन झालं की सूज आणि काळेनिळे डाग जननेंद्रियांपर्यंत उतरतात. स्त्री-पुरुष दोघांनाही हे होतं आणि लाजेपोटी कोणी विचारत नाही. मांड्यांचं केलं असेल, तर गुडघे आणि घोटे सुजतात. दोन्ही बाजूंना सारखीच सूज असेल आणि पाय उंचावर ठेवल्यावर उतरत असेल, तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

हाताला काय लागतंय हे ओळखायची एक साधी रीत आहे. अंगठा सुजलेल्या जागी हलकेच पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा राहिला आणि सावकाश भरला, तर ते ऊतींमध्ये पसरलेलं पाणी आहे. खड्डा पडतच नाही, खाली टणक पट्टा किंवा गाठ लागते आणि ती त्वचेबरोबर थोडी हलते, तर ते कोलॅजन, म्हणजे फायब्रोसिस. आणि एका बाजूने टिचकी मारल्यावर दुसऱ्या बोटाला लाट जाणवली, पाणी आत डुचमळल्यासारखं वाटलं, तर तो सेरोमा असू शकतो. म्हणजे एका पोकळीत साठलेला द्रव. सेरोमा सर्जन सुईने काढतात, कधीकधी दोन-तीनदा काढावा लागतो. तो तसाच ठेवला, तर त्याच्याभोवती टणक आवरण तयार होतं. मालिश करून तो जिरवायचा प्रयत्न करू नका. ही रीत फक्त कोणाला फोन करायचा हे ठरवण्यासाठी आहे, निदान सर्जनच करतील.

त्या भागाला बधिरपणाही असतो. पुढे नसा जाग्या होऊ लागल्या की मुंग्या येतात, खाज सुटते, मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येते. काही महिने हे चालतं. हा बधिरपणा लक्षात ठेवा, कारण पुढे शेकाच्या बाबतीत तोच घात करतो.

गारमेंट: घट्ट हवा, पण वळकटी नको

ऑपरेशननंतर घालायला जो घट्ट पोशाख देतात, त्याने सारख्या दाबामुळे आतली पोकळी मिटायला मदत होते आणि पाणी साचायला जागा कमी मिळते. बहुतेक सर्जन पहिले दोन-तीन आठवडे रात्रंदिवस आणि पुढे मिळून साधारण सहा आठवड्यांपर्यंत घालायला सांगतात. तुमच्या सर्जनने दिलेला हिशेब वेगळा असेल, तर तोच पाळा.

इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण मी पाहते त्या टणक पट्ट्यांपैकी बरेच गारमेंटच्या वळकटीखाली सापडतात. समजा, हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आठवड्याभरात कामावर रुजू होते. जाता-येता बसमध्ये दीड-दीड तास, मध्ये आठ-नऊ तास खुर्चीत. बसलं की गारमेंट पोटावर दुमडतं. ती घडी रोज त्याच जागी, बेंबीच्या खाली किंवा वर, रुतत राहते. तेवढ्या रेघेत दाब जास्त आणि तिच्या वर-खाली कमी. महिन्याभराने तिथे आडवी खाच दिसते आणि खाचेच्या कडेला टणक वळ लागतो. पोट तपासायच्या आधी मी गारमेंट उघडून आतली त्वचा पाहते, शिवणीचे आणि घडीचे लाल वण कुठे आहेत ते पाहते. पुढच्या पट्ट्याचा अंदाज तिथेच येतो.

यावर उपाय सोपे आहेत. पोटावर सपाट फोमचा तुकडा किंवा सर्जनने दिलेला बोर्ड ठेवून वरून गारमेंट घाला. तासाला एकदा उठून उभं राहा, घडी हाताने सपाट करा आणि चार पावलं चाला. शक्य असेल तर पहिले दोन-तीन आठवडे घरून काम मागून घ्या. स्कूटर सर्जनने परवानगी दिल्यावरच, कारण आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक पोटात जाणवतो. सूज उतरल्यावर गारमेंट सैल पडतं, तेव्हा ते आवळून घालण्यापेक्षा एक माप लहान घ्या. पाय निळसर पडले, बोटांना मुंग्या आल्या, त्वचेवर फोड आले किंवा श्वास कोंडल्यासारखा वाटला, तर ते फार घट्ट आहे.

गारमेंट दोन घ्या. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात एकच गारमेंट घामाने ओलं राहतं आणि जांघेत बुरशीचं पुरळ उठतं. पावसाळ्यात तर ते वाळतच नाही. आतून पातळ सुती बनियन घातला, तर त्वचेला आराम पडतो, फक्त त्याला सुरकुती पडू देऊ नका.

आणि पहिल्यांदा गारमेंट काढताना एकट्याने बाथरूममध्ये जाऊ नका. दाब अचानक सुटला की रक्तदाब खाली येतो आणि चक्कर येते, कधी माणूस कोसळतो. आधी पलंगावर बसून गारमेंट हळूहळू उघडा, थोडा वेळ थांबा, मग प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करा. घरातलं कोणीतरी दाराशी असू द्या.

मालिश कोणती, आणि कोणती नाही

आपल्याकडे बाळंतिणीला मालिशवाली बाई येते, तेलाने रगडून अंग मोकळं करते, मग शेक-शेगडी होते. बाळंतपणानंतर याने कित्येकींना बरं वाटतं. त्यामुळे लायपोसक्शननंतर पोट टणक लागलं की सासूबाई किंवा आई मायेने म्हणतात, "अगं, बाईला बोलावू या, दोन हात फिरवले की गाठी विरघळतील." माया खरी आहे, पण इथे ती मालिश चालत नाही. ताज्या बोगद्यांवर जोर दिला की बारीक रक्तवाहिन्या पुन्हा फुटतात, पुन्हा दाह होतो आणि शरीर आणखी कोलॅजन घालतं. गाठी विरघळण्याऐवजी वाढतात.

शेकाचं तर नावच नको. त्वचा बधिर असते, गरम पाण्याची पिशवी पोळतेय हे कळतच नाही आणि उठल्यावर फोड दिसतात. बर्फालाही हेच लागू आहे. सर्जनने सांगितला असेल, तरी थेट त्वचेवर ठेवायचा नाही.

लायपोसक्शननंतर जी मालिश करतात, तिला मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज म्हणतात. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना ती विकसित केली. लसिकावाहिन्या त्वचेच्या अगदी लगत, फार नाजूक असतात. त्यांच्यासाठी त्वचा सरकेल, पण खालचा स्नायू जाणवणार नाही इतकाच दाब लागतो. तेल नाही, लाली नाही, दुखणं तर अजिबात नाही. पहिल्यांदा येणारे बरेच जण पाच मिनिटांनी विचारतात, "मॅडम, सुरू केलं का?" इतका हात हलका असतो.

सुरुवात सुजेवरून होत नाही. आधी मानेच्या खालच्या भागातल्या, काखेतल्या आणि जांघेतल्या लसिकाग्रंथींजवळ हात फिरवतात. पावसात गच्चीवर पाणी साचलं की आपण आधी पन्हाळीच्या तोंडाशी अडकलेला पाला काढतो आणि मग खराट्याने पाणी लोटतो. इथेही क्रम तोच. बाहेर जायची वाट मोकळी झाली की मग सुजेतलं पाणी त्या दिशेने हळूहळू सरकवायचं. याने सूज आणि ताण कमी होऊन बरं वाटतं, हा रोजचा अनुभव आहे. पण पक्का पुरावा म्हणता येईल असे अभ्यास अजून थोडेच आहेत. म्हणून वीस-वीस सत्रांचं पॅकेज पहिल्याच दिवशी घ्यायला लावणाऱ्यांपासून सांभाळा. काही सत्रं करून पाहा, फरक पडतोय का ते बघा, मग पुढचं ठरवा.

सुरुवात कधी करायची ते सर्जन सांगतील. काही जण पहिल्याच आठवड्यात परवानगी देतात, काही थांबतात. टणक पट्ट्यांवरची जरा खोल मालिश त्यानंतरची, साधारण चौथ्या आठवड्याच्या पुढची, आणि तीही परवानगीनेच. त्यात बोटांनी पट्टा वर-खाली, आडवा, गोल असा सावकाश हलवायचा. जोर एवढाच की ताण जाणवेल, पण दुसऱ्या दिवशी नवं काळंनिळं दिसणार नाही. लाकडी लाटण्या, कप लावणं, दगडाने घासणं, हे पहिल्या आठवड्यांत नकोच.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. काही ठिकाणी मालिशच्या नावाखाली भरत आलेली छिद्रं पुन्हा उघडून आतलं पाणी पिळून काढतात, आणि टबमध्ये साठलेलं लाल पाणी दाखवून "बघा किती निघालं" म्हणतात. ही उघड जखम आहे. त्यातून जंतू थेट आतल्या पोकळीत जाऊ शकतात. असं कोणी करू लागलं, तर उठून चालू लागा. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर हाताला येणाऱ्या सुजेवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट पुण्यात मिळतात. लिम्फॅटिक ड्रेनेजचं शिक्षण त्यांना असतं. ब्यूटी पार्लरपेक्षा त्यांच्याकडे जा.

घरी स्वतःसाठी करण्यासारखं सर्वांत मोठं काम म्हणजे चालणं. ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवसापासून, घरातल्या घरात का होईना. पोटरीचे स्नायू हलले की रक्त आणि लसिका वर ढकलली जाते आणि पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका कमी होतो. दहा-बारा दिवसांनी सारसबागेत सपाटीवर फेऱ्या मारा. पर्वतीच्या पायऱ्या आणि सिंहगड मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत थांबू द्या.

खाण्याचं थोडक्यात. मीठ पाणी धरून ठेवतं, तेव्हा पापड, लोणचं, फरसाण, बाकरवडी महिनाभर बाजूला. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरत नाही, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. जखम भरायला प्रथिनं लागतात. "आंबट, भात, डाळ खाल्ली की पू होतो" असं घरोघरी ऐकू येतं. त्यात तथ्य नाही, आणि वरण-उसळ बंद केल्याने नुकसानच होतं. मूग, मटकी, पिठलं, दही, पनीर, चालत असतील तर अंडी रोज पोटात जाऊ द्या. मधुमेह असेल, तर साखर ताब्यात हवीच. सिगारेट, तंबाखू आणि मशेरी बंद. मशेरीचं वेगळं सांगते, कारण दात घासायची म्हणून ती कोणी व्यसनात धरत नाही आणि डॉक्टरांना सांगतही नाही. निकोटिन तिच्यातही असतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचेला रक्त कमी मिळतं.

इथे थांबायचं नाही

ताप, वाढत जाणारी लाली, घाण वासाचा स्राव, दिसणाऱ्या जखमेच्या मानाने भलतंच जास्त दुखणं, त्वचा काळपट पडणं किंवा फोड येणं, ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. सर्जनला त्याच तासाला कळवा, रात्र असली तरी. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं ही गुठळीची खूण असू शकते. धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं, यांपैकी काहीही झालं तर मालिश, गारमेंट सगळं विसरून १०८ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचा. पहिल्या दिवशी ओठांभोवती बधिरपणा, कानात गुणगुण आणि चक्कर असेल, तर ती लिडोकेनची मात्रा जास्त झाल्याची खूण असू शकते. तीही लगेच सांगायची.

छिद्रांचे व्रण

छिद्रं पूर्ण भरल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, त्यांवर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी लावता येते. ती रोज आणि निदान दोन-तीन महिने लावली तरच उपयोग. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर व्रण काळे पडायची प्रवृत्ती असते, म्हणून ऊन लागणारी जागा झाका किंवा सनस्क्रीन लावा. आधी कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर व्रण उंचावून वाढला असेल, तर हे सर्जनला ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं. केलॉइडची प्रवृत्ती असते ती अशी दिसते.

सहा महिन्यांनंतरही टणक राहिलं तर

काहींचा टणकपणा राहतो. चरबी त्वचेच्या फार लगतची काढली गेली असेल, लेझर किंवा अल्ट्रासाउंडची उष्णता जास्त झाली असेल, सेरोमा किंवा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा लायपोसक्शन झालं असेल, तर शक्यता वाढते. यातला बराचसा भाग रुग्णाच्या हातात नसतो, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

अशा वेळी एखाद्या हट्टी गाठीत सर्जन ट्रायमसिनोलोन नावाचं स्टिरॉइड अगदी थोड्या मात्रेत टोचू शकतात. कोलॅजन कमी करायला ते मदत करतं. पण मात्रा जास्त झाली, तर त्वचा पातळ पडते, खड्डा पडतो, रंग फिका होतो. म्हणून ते अनुभवी हातानेच. खाच किंवा खड्डा राहिला असेल, तर दुसरीकडची चरबी घेऊन तिथे भरता येते. पुन्हा ऑपरेशनचा विचार निदान सहा महिने आणि शक्यतो वर्ष गेल्यावरच. त्याआधी ऊती अजून बदलत असतात, आणि तिसऱ्या महिन्यात दिसणारी उंचसखल जागा दहाव्या महिन्यात सपाट झालेली असू शकते. तिसऱ्याच महिन्यात "लगेच दुरुस्त करून देतो" असं कोणी म्हणत असेल, तर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असलेल्या दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

त्या भेटीला जाताना फोटो न्या. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले. टणक जागेभोवती पेनाने कड आखून काढलेला एक फोटोही त्यात असू द्या, म्हणजे पट्टा आक्रसतोय, तेवढाच आहे की वाढतोय, हे सर्जनला तिथल्या तिथे पाहता येतं.